लावणी हवी, पण लावणीवाली नको? संगीत बारीतली एक संध्याकाळ नेमकी कशी असते

पुणे-सोलापूर हायवेवर चौफुला लागलं की ढाब्यांच्या रांगेत मधूनच एक वेगळा बोर्ड दिसतो: ‘सांस्कृतिक कलाकेंद्र’. असेच बोर्ड पुढे मोडनिंबला दिसतात, तिकडे जामखेडला दिसतात. दिवसा या इमारतींभोवती शुकशुकाट असतो. संध्याकाळ झाली की दिवे लागतात, पार्किंग भरतं आणि आतून ढोलकी ऐकू यायला लागते.

आत काय चालतं, हे बहुतेकांना दोनच ठिकाणांहून कळलेलं असतं. एक म्हणजे ‘पिंजरा’ आणि ‘नटरंग’सारखे सिनेमे. दुसरं म्हणजे एखाद्या कलाकेंद्रात भांडण झालं, पोलिसांची धाड पडली की येणारी बातमी. या दोन्हींच्या मधली जी रोजची संध्याकाळ आहे, ती कुणी फारशी सांगत नाही.

गंमत म्हणजे, अशीच एक संध्याकाळ स्पेनमध्ये घालवायला जगभरातून पर्यटक येतात. ग्रॅनाडा शहरातल्या साक्रोमोंते टेकडीवरच्या गुहांमध्ये रोमा समाजाची कुटुंबं फ्लेमेंको सादर करतात. पाहुणे तिकीट काढून येतात, तिथंच जेवतात, टाळ्या वाजवतात आणि फोटो काढून घरी जातात. घरी गेल्यावर ते ही गोष्ट कौतुकानं सांगतात. कलाकेंद्रात जाऊन आलेला माणूस मात्र घरी काही बोलत नाही.

दोन्हीकडे भटका, गावकुसाबाहेर ठेवलेला समाज आहे. दोन्हीकडे कला बाहेरच्या लोकांच्या पैशावर जगते. मग एका ठिकाणी कौतुक आणि दुसऱ्या ठिकाणी कुजबूज का? हे समजून घ्यायचं तर आधी संगीत बारी म्हणजे काय, ते बघायला हवं.

संगीत बारी म्हणजे तमाशा नाही का?

आहेही आणि नाहीही. तमाशाचे ढोबळमानानं दोन प्रकार मानले जातात. पहिला ढोलकी फडाचा तमाशा. त्यात गण असतो, गवळण असते, बतावणी असते, सोंगाड्या असतो आणि शेवटी वग, म्हणजे पूर्ण नाटक असतं. हा फड गावोगावच्या जत्रांमध्ये फिरतो. नारायणगावात राहुट्या लावून फडांचं बुकिंग चालतं, ते याच तमाशाचं.

दुसरा प्रकार संगीत बारी. इथे वग नाही, सोंगाड्या नाही. फक्त गाणं, नाच आणि अदाकारी. बारी म्हणजे पाळी. एकाच थिएटरमध्ये अनेक पार्ट्या राहतात आणि पाळीपाळीनं स्टेजवर येतात. फड प्रेक्षकाकडे जातो, तर बारीत प्रेक्षक चालून येतो. थिएटर एका जागी असतं आणि पार्ट्या ठरावीक काळासाठी तिथं मुक्कामाला असतात. पुण्यातलं आर्यभूषण थिएटर हे शहरातलं प्रसिद्ध उदाहरण.

प्रत्येक पार्टीची एक मालकीण असते, कधी दोघी बहिणींची मिळून पार्टी असते. तिच्या हाताखाली नाचणाऱ्या आणि गाणाऱ्या मुली, एक तबलजी, एक ढोलकीवाला, एक पेटीवाला. पार्टीला मालकिणीचंच नाव असतं आणि त्या नावात बहुतेक वेळा आडनावाच्या जागी गाव असतं. सातारकर, नगरकर, पंढरपूरकर, वाईकर. हे गाव लावण्यामागे केवळ हौस नाही. त्याचं कारण पुढे येईलच.

थोडक्यात, संगीत बारी हा बायकांनी चालवलेला धंदा आहे. कर्ती बाई, कमावती बाई आणि निर्णय घेणारीही बाई. महाराष्ट्रात इतक्या जुन्या काळापासून बायकांच्या नावावर चाललेले व्यवसाय बोटावर मोजण्याइतके आहेत.

संध्याकाळ कशी पुढे सरकते?

सुरुवात तिकिटाच्या खेळानं होते. मोठ्या हॉलमध्ये स्टेज असतं, समोर खुर्च्या. एकेक पार्टी येते आणि आपल्या वाट्याच्या वेळात गाणी सादर करते. नऊवारी, अंबाडा, पायात किलोकिलो वजनाची चाळं. एक प्रकारे ही जाहिरात असते. कोणती पार्टी आवडली, हे प्रेक्षक इथं ठरवतो.

मग येते बैठक. चार-सहा मित्र मिळून एक पार्टी निवडतात आणि छोट्या खोलीत तिचा खासगी कार्यक्रम ठरवतात. खाली गाद्या, लोड, समोर कलाकार, बाजूला साजिंदे. बैठकीचे पैसे वेळेवर ठरतात. शिवाय गाणं आवडलं की वरून पैसे दिले जातात, त्याला दौलतजादा म्हणतात.

हे पैसे एकटीच्या हातात जात नाहीत. त्यातून थिएटरमालकाचा हिस्सा निघतो, साजिंद्यांचा वाटा निघतो, मालकीण खोलीभाडं आणि खाणंपिणं भागवते आणि मग उरलेलं मुलींमध्ये वाटलं जातं. त्यातही कुणी आधीच उचल घेतलेली असेल तर ती वळती होते. ज्या रात्री गिऱ्हाईक नाही, त्या रात्री कमाई नाही. पावसाळ्यात रस्ते बंद, निवडणुकीत निर्बंध, सणावाराला लोक घरी, असं काहीही झालं तरी त्याचा फटका थेट चुलीला बसतो. कोरोनाच्या काळात कलाकेंद्रांना कुलूप लागलं, तेव्हा ही साखळी एका झटक्यात तुटली होती.

इथं एक गैरसमज दूर करायला हवा. बैठकीचे पैसे गाण्याचे आणि नाचाचे असतात, बाईचे नाही. अंगाला हात लावणाऱ्या गिऱ्हाइकाला उठवणाऱ्या मालकिणी आहेत. काही ठिकाणी कलेच्या आडून शोषण होतं, अल्पवयीन मुलींना उभं केलं जातं, हेही खरं आहे आणि तो गुन्हाच आहे. पण एका ठिकाणच्या गुन्ह्यावरून सगळ्या बारीला एकच शिक्का मारला की सगळ्यात आधी मार बसतो तो नियमानं काम करणाऱ्या पार्टीला.

बैठकीच्या लावणीत पाहायचं काय?

सिनेमातली लावणी पाहून गेलेल्याला बैठकीची लावणी पहिल्यांदा संथ वाटू शकते. तिथं कंबर फारशी हलत नाही. कलाकार बसलेली असते, गाणारीही बऱ्याचदा तीच असते. सगळा खेळ चेहरा, डोळे, हात आणि पदराचा.

एकच ओळ ती पुन्हा पुन्हा म्हणते. पहिल्यांदा रागावून, दुसऱ्यांदा लाडात येऊन, तिसऱ्यांदा टोमणा मारत, चौथ्यांदा डोळ्यात पाणी आणून. शब्द तेच, अर्थ दरवेळी वेगळा. याला अदा करणं म्हणतात. आधी ठरवलेल्या स्टेप्स नसतात. समोर कोण बसलंय, कसं ऐकतंय, हे बघून ती जागेवर सुचवत जाते. म्हणजे ऐकणारा जितका जाणकार, तितकी लावणी खुलते.

ही विद्या जुनी आहे. पेशवाईच्या उत्तरार्धात राम जोशी, होनाजी बाळा, परशराम, सगनभाऊ, प्रभाकर या शाहिरांनी लावणीला बहर आणला. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि दरबारी आश्रय गेला. पुढे लावणी तिकिटावर, जत्रेवर आणि बैठकीवर जगली. रचना शाहिरांच्या नावावर राहिल्या. त्या घराघरात, आईकडून मुलीकडे, मावशीकडून भाचीकडे तोंडी शिकवत कुणी जिवंत ठेवल्या, त्या बायकांची नावं मात्र कुठे फारशी नोंदली गेली नाहीत.

काही नावं उरली. वाईच्या यमुनाबाई वाईकर यांना १९७७ मध्ये संगीत नाटक अकादमी पुरस्कार मिळाला आणि २०१२ मध्ये पद्मश्री. २०१८ मध्ये त्या गेल्या तेव्हा वयाची शंभरी ओलांडलेली होती. सत्यभामाबाई पंढरपूरकर यांचं नाव बैठकीच्या लावणीसाठी आजही आदरानं घेतलं जातं.

या बायका कोण आहेत?

संगीत बारीतल्या बऱ्याच जणी कोल्हाटी समाजाच्या. यमुनाबाईही त्याच समाजातल्या. कोल्हाटी आणि डोंबारी म्हणजे पूर्वी गावोगाव फिरून दोरीवरचे, काठीवरचे खेळ करणारे लोक. महाराष्ट्रात कोल्हाटी समाजाची नोंद भटक्या जमाती (ब) या प्रवर्गात आहे.

या समाजात एक रीत होती. जी मुलगी चाळ बांधेल, म्हणजे नाचाचा पेशा घेईल, तिनं लग्न करायचं नाही. ती घराची कमावती होणार, तिच्या पैशावर आईबाप, भाऊ, भावांची मुलं जगणार. भावाची बायको, म्हणजे घरची सून, मात्र कधी नाचणार नाही. नाचणारीच्या आयुष्यात एखादा पैसेवाला पुरुष ‘मालक’ म्हणून यायचा. त्याच्यापासून मुलं व्हायची. मालकाचं नाव ना तिला मिळायचं, ना मुलांना. ‘चिरा उतरवणं’ या नावानं या नात्याची सुरुवात एखाद्या समारंभासारखी केली जायची आणि त्यात मुलीची मर्जी विचारलीच जाईल असं नव्हतं.

नावात वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या आडनावाऐवजी गाव लागण्याचा एक धागा इथं आहे.

हे सगळं मराठी वाचकासमोर ठळकपणे आलं ते १९९४ मध्ये, ‘कोल्हाट्याचं पोर’ या आत्मकथनामुळे. लेखक किशोर शांताबाई काळे. आई तमाशात नाचणारी, बाप नावापुरताही नाही. हा मुलगा सगळे धक्के खात शिकला, डॉक्टर झाला आणि वडिलांच्या नावाच्या जागी आईचं नाव छापून त्यानं पुस्तक लिहिलं. २००७ मध्ये अपघातात त्यांचं निधन झालं.

शाळेच्या दाखल्यावर ‘वडिलांचं नाव’ हा रकाना या घरांतल्या मुलांसाठी किती मोठी भिंत होता, ते त्या पुस्तकानं दाखवलं. महाराष्ट्र सरकारनं १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत आईचं नाव लावणं बंधनकारक केलं. किशोर काळेंनी ते तीस वर्षं आधी स्वतःच्या पुस्तकावर लावलं होतं.

आज चित्र तेच राहिलेलं नाही. नाचून आलेल्या पैशातून मुलांना इंग्रजी शाळेत, वसतिगृहात घालणाऱ्या आया आहेत. मुलीनं नाचू नये, शिकावं असं म्हणणाऱ्याही आहेत. पण मुलं शिकायला लागली की नवा प्रश्न येतो: आई काय करते, हे वर्गात सांगायचं का?

बंदी, शुद्धीकरण आणि टाळ्या

लावणीला मान मिळाला नाही, असं म्हणता येत नाही. मिळाला, पण तो कसा मिळाला हे बघण्यासारखं आहे.

स्वातंत्र्य मिळाल्यावर लगेचच बाळासाहेब खेर यांच्या मुंबई सरकारनं अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली. कलावंतांनी दाद मागितल्यावर दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली तमाशा सुधारण्यासाठी समिती नेमली गेली. शब्द साफ करा, हावभाव आवरा, अशा अटींवर तमाशा पुन्हा सुरू झाला. त्याच काळात ‘लोकनाट्य’ हा शब्द रुळला आणि शिकलेल्या लेखक-कलाकारांनी तमाशाचा साचा घेऊन नवी नाटकं उभी केली. १९६५ मध्ये आलेलं वसंत सबनीसांचं ‘विच्छा माझी पुरी करा’ हे त्यातलं सर्वांत गाजलेलं.

दुसरीकडे सिनेमानं आणि रेडिओनं लावणी घरात नेली. सुलोचना चव्हाण यांच्या आवाजातल्या लावण्या लग्नाच्या मांडवातही वाजल्या. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. नव्वदच्या दशकात अकलूजच्या लावणी स्पर्धेनं पारंपरिक कलावंतांना मोठं व्यासपीठ दिलं. सुरेखा पुणेकर यांच्या ‘नटरंगी नार’सारख्या कार्यक्रमांमुळे मध्यमवर्गीय बायकाही नाट्यगृहात लावणी पाहायला येऊ लागल्या.

हे सगळं चांगलंच झालं. पण यातून एक विचित्र विभागणी तयार झाली. लावणी स्टेजवर आली की ‘महाराष्ट्राची शान’. शाळेच्या गॅदरिंगमध्ये आली की कौतुक. रिअॅलिटी शोमध्ये आली की परीक्षक उभे राहून टाळ्या वाजवतात. तीच लावणी जिच्या आजीनं जपली ती बाई कलाकेंद्रात सादर करते, तेव्हा मात्र ती ‘तसली’ होते.

या दरीवर काही जणांनी काम केलं आहे. सावित्री मेधातुल यांचा ‘नटले तुमच्यासाठी’ हा माहितीपट आणि भूषण कोरगांवकर यांचं २०१४ चं ‘संगीत बारी’ हे पुस्तक, ही त्यातली महत्त्वाची उदाहरणं. पुढे याच नावाचा रंगमंचीय कार्यक्रमही आला. त्यात शकुंतलाबाई नगरकर यांच्यासारख्या बारीतल्याच कलावंत स्वतः लावणी सादर करतात आणि सोबत त्या जगाच्या गोष्टी सांगितल्या जातात. सभागृहातला प्रेक्षक तोच, ज्यानं कलाकेंद्राची पायरी कधी चढली नसती.

ग्रॅनाडाच्या गुहांमध्ये काय झालं?

आता स्पेनकडे वळू. ग्रॅनाडा हे तिथलं मुस्लिम सत्तेचं शेवटचं राज्य. २ जानेवारी १४९२ ला ते ख्रिस्ती राजांच्या हाती गेलं. अल्हाम्ब्रा राजवाड्यासमोर, दारो नदीच्या पलीकडे साक्रोमोंतेची टेकडी आहे. शहरात जागा नसलेल्या लोकांनी या टेकडीच्या मऊ पोटात घरं खोदली. त्यात रोमा लोक मोठ्या संख्येनं होते. स्पॅनिशमध्ये त्यांना ‘हितानो’ म्हणतात. गुहेतलं तापमान उन्हाळ्या-हिवाळ्यात फारसं बदलत नाही, भिंतींना चुना फासला की घर तयार.

या लोकांचा इतिहास छळाचा आहे. १४९९ मध्ये राजाज्ञा निघाली: भटकणं सोडा, धंदा धरा, नाहीतर देश सोडा. १७४९ च्या जुलैमध्ये एका रात्रीत देशभरातल्या हजारो रोमांना अटक झाली, पुरुष आणि बायका वेगवेगळ्या डांबल्या गेल्या. त्यांची भाषा, पोशाख, एकत्र राहणं, सगळ्यावर वेळोवेळी बंदी आली.

एकोणिसाव्या शतकात युरोपातले प्रवासी अल्हाम्ब्रा पाहायला येऊ लागले आणि समोरच्या टेकडीवरचं गाणं-नाचणं त्यांना ‘अद्भुत’ वाटलं. गुहेत राहणाऱ्या कुटुंबांनी यातून रोजगार उभा केला. लग्नात होणारे नाच त्यांनी पाहुण्यांसमोर मांडायला सुरुवात केली. या कार्यक्रमाला ‘साम्ब्रा’ म्हणतात. त्यात लग्नाच्या विधींशी जोडलेले तीन ठरावीक नाच असतात.

आजही गुहा लांबट आणि अरुंद असते. दोन्ही भिंतींना लागून खुर्च्या मांडतात, मधल्या चिंचोळ्या जागेत नाच. भिंतीवर तांब्याची भांडी आणि जुने फोटो. नाचणारीचा झगा पाहुण्याच्या गुडघ्याला लागेल इतकं अंतर. गिटार, टाळ्यांचा ठेका, दगडी जमिनीवर टाचांचा आवाज आणि मधूनच ‘ओले!’. काही ठिकाणी आधी किंवा नंतर जेवण असतं. ‘साक्रोमोंते आम्लेट’ नावाचा एक पदार्थ त्या भागाची ओळख आहे. त्यात भेजा आणि इतर अवयवांचं मांस घालतात, हे कळल्यावर काही पर्यटक हात आखडतात. भेजा फ्राय खाणाऱ्या मराठी माणसाला त्याचं काही वाटणार नाही.

ही गोष्टही सरळ सुखाची नाही. १९६२-६३ च्या हिवाळ्यात प्रचंड पाऊस झाला, गुहा ढासळल्या आणि तिथल्या रहिवाशांना शहराबाहेर हलवण्यात आलं. बरीच कुटुंबं परत आली नाहीत. पर्यटकांसाठी घाईत उरकलेल्या शोबद्दल जाणकार नाकं मुरडतात. फ्लेमेंकोला डोक्यावर घेणाऱ्या स्पेनमध्ये रोमा शेजारी नको असणारी माणसंही आहेत. म्हणजे ‘कला हवी, कलाकार नको’ हा रोग तिथंही आहे.

फ्लेमेंको भारतातून गेला, हे खरं आहे का?

सोशल मीडियावर हा दावा वारंवार फिरतो. त्यातला एक भाग खरा आहे, दुसरा ताणलेला.

खरा भाग म्हणजे रोमा लोकांचं मूळ भारतात आहे. हे पहिल्यांदा भाषेवरून लक्षात आलं, अठराव्या शतकाच्या शेवटी. रोमानी भाषेतले आकडे बघा: येख, दुय, त्रिन, श्तार, पांज. पाण्याला पानी, कानाला कान, केसांना बाल, माणसाला मानुश. सात, आठ, नऊसाठी मात्र ग्रीक शब्द आहेत, कारण वाटेत हे लोक ग्रीक बोलणाऱ्या प्रदेशात बराच काळ राहिले. स्पेनमधले रोमा स्वतःला ‘काले’ म्हणवतात, त्याचा अर्थ काळे असाच. पुढे जनुकीय अभ्यासांनीही वायव्य भारताकडे बोट दाखवलं.

ताणलेला भाग म्हणजे ‘म्हणून फ्लेमेंको हे कथकच’. फ्लेमेंकोचं आजचं रूप दक्षिण स्पेनमध्ये, अठराव्या-एकोणिसाव्या शतकात घडलं. त्यात रोमांबरोबरच तिथल्या अरब, ज्यू आणि स्थानिक शेतकरी संगीताचा वाटा आहे. लावणीशी तर त्याचं रक्ताचं नातं दाखवणारा काहीच पुरावा नाही. दोघींचं साम्य आहे ते परिस्थितीचं. ज्यांच्याकडे जमीन नव्हती, त्यांनी गळा आणि पाय हेच भांडवल केलं.

मग फरक कुठे पडला?

एक, कुटुंब. साक्रोमोंतेच्या गुहेत आई, मुलगी, सून, जावई, सगळे एकत्र वाजवतात, गातात, नाचतात. नाचणारीला लग्न सोडावं लागत नाही. बारीत नाच आणि संसार यांच्यात भिंत घातली गेली.

दोन, जागेची मालकी. मारिया ला कानास्तेरा या नर्तकीनं १९५० च्या दशकात स्वतःच्या नावानं गुहा चालवली. आज तिथं तिचं संग्रहालय आहे आणि कार्यक्रमही होतात. आपल्याकडे पार्टी बाईच्या नावावर असते, पण थिएटर आणि परवाना बहुतेक वेळा दुसऱ्याच्या. उद्या थिएटर बंद झालं तर तिनं तिथं काढलेल्या वीस वर्षांची खूण म्हणून काही उरत नाही.

तीन, प्रेक्षक. साक्रोमोंतेत आजी-आजोबा नातवंडांना घेऊन बसतात. कलाकेंद्रात आजही बहुतांश पुरुषच असतात आणि ते गुपचूप येतात. लाजत आलेला प्रेक्षक कलेबद्दल चारचौघांत बोलत नाही, आणि ज्या कलेबद्दल कुणी बोलत नाही तिची फक्त बदनामी पसरते.

चार, अधिकृत शिक्का. युनेस्कोनं २०१० मध्ये फ्लेमेंकोला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. त्याच वर्षी त्या यादीत राजस्थानच्या कालबेलिया या भटक्या समाजाची गाणी आणि नाचही आले. भटक्यांच्या कलेला वारसा म्हणता येतं, हे आपल्याच देशानं दाखवून दिलेलं आहे. लावणीच्या नशिबी अजून ते आलेलं नाही.

आता गाणं कोण ठरवतं?

बारीत आज सगळ्यात मोठा बदल फर्माईशीचा आहे. बैठकीला बसलेल्या तरुणांना बालेघाटी, छक्कड, जुन्नरी हे लावणीचे प्रकार माहीत नसतात. ते ट्रेंडिंग गाणं मागतात. स्पीकर लावला की तबलजीचं काम कमी होतं. ज्या मुलीला रोज सिनेमाच्या गाण्यावरच नाचायचंय, ती दोन-चार वर्षं बसून अदा कशाला शिकेल? जुन्या मालकिणींच्या डोक्यात शेकडो लावण्या आहेत. त्या ऐकायला कुणी मागितल्या नाहीत, तर त्या त्यांच्याबरोबरच जातील.

व्हायरल डान्स शोंना ‘लावणी’ म्हणायचं की नाही, यावर मध्यंतरी बरीच भांडणं झाली. त्या सगळ्या गोंधळात बैठकीची लावणी कुठे ऐकायला मिळते, हे विचारणारे फार थोडे होते.

आणि मोबाइल. बैठकीत काढलेली पंधरा सेकंदांची क्लिप रील होते, खाली घाणेरड्या कमेंट येतात आणि ती फिरत फिरत त्या बाईच्या मुलाच्या वर्गातल्या ग्रुपवर पोचू शकते. तिला त्या व्हिडिओचा एक रुपया मिळत नाही. साक्रोमोंतेतला फोटो भिंतीवर लागतो, कारण तो कुटुंबाच्या मर्जीनं लावलेला असतो. इथं मर्जी विचारायची पद्धतच नाही.

म्हणून प्रेक्षकाच्या हातात आहेत त्या गोष्टी अगदी साध्या. जायचं तर उघडपणे जावं. निदान एक बैठकीची लावणी मागावी आणि ती पूर्ण ऐकावी. शिट्टीच्या आधी समेवर दाद द्यावी. शूटिंगच्या आधी विचारावं, आणि ‘नको’ म्हणाली तर मोबाइल खिशात ठेवावा. पोस्ट करायचीच असेल तर तिचं नाव विचारून, तिच्या परवानगीनं लिहावं. कलाकेंद्रात जायचं नसेल तर नाट्यगृहात बारीतल्या कलावंतांचा कार्यक्रम लागला की तिकीट काढावं.

सरकारच्याही हातात बरंच आहे. परवाना आणि सुरक्षेचे नियम कलावंतांना विचारून करणं, जुन्या मालकिणींकडच्या लावण्यांचं नीट ध्वनिमुद्रण करणं, ज्येष्ठ कलावंतांचं मानधन वेळेवर पोचवणं, त्यांच्या मुलांच्या शाळा-वसतिगृहाची सोय करणं. यातलं काहीच नवं नाही. या मागण्या कलावंत कितीतरी वर्षं करत आहेत.

येत्या गणपतीत, गॅदरिंगमध्ये, लग्नाच्या संगीतात कुठेतरी लावणी वाजेलच. ती वाजली की एवढंच विचारायचं: ही शिकवली कुणी? उत्तर बहुतेक वेळा कुठल्या तरी बारीतल्या बाईपर्यंत जाऊन पोचेल. तिचं नाव घेता आलं, तर अर्धी कुजबूज तिथंच थांबेल.